माझ्या पात्यावरची हिरवी माती

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. त्या अख्ख्या आवारात तुम्ही मला एकदाच जमिनीत उतरवलंत, तेही अशा जागी की जिथली माती त्या आवाराची नव्हतीच. आणि वर कागदावर लिहिलंत की सगळी जमीन तपासून झाली, माती निर्दोष आहे. पैसा सरकारचा होता, सही तुमची होती, आणि त्या मातीवर राहायला गेली ती जमुनाबाई. मी तिथं होतो. माझ्याच पात्यातून ती माती निघाली, म्हणून मी बोलतो. तुमचं नाव मी घेत नाही. ज्याचं त्याला बरोबर कळेल.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा कोण एवढा तापलेला? तर मी काही माणूस नाही. मी माती काढायचं गिरमिट आहे, आता म्हातारं आणि गंजलेलं. लाकडाला भोक पाडायचं सुताराचं गिरमिट तुम्ही पाहिलं असेल. मी तसाच, पण माणसाच्या छातीएवढा उंच. खाली पीळदार पातं, मधे लोखंडी दांडा, आणि वर आडवी सागाची मूठ. मूठ धरून मला दाबत दाबत फिरवलं की मी जमिनीत उतरतो. वर ओढलं की पात्याच्या पिळात खालची माती अडकून येते. जमिनीच्या पोटात काय आहे ते वर आणून दाखवायचं, एवढंच माझं काम. आता मी भंडाऱ्याच्या एका पोलीस ठाण्यात, जप्त केलेल्या सामानाच्या खोलीत पडून आहे. माझ्यावर चोरीचा शिक्का आहे. तो कसा बसला ते ऐका.

माझा जन्म चौऱ्याहत्तर सालचा, तुमसरचा. तिथं धनीराम मिस्त्री मोटारी दुरुस्त करायचा. शेतीखात्यानं त्याला मातीचं गिरमिट करायला सांगितलं. त्यानं एका मोडक्या ट्रकचा कमानपाटा भट्टीत लाल केला आणि घणाखाली पिळत पिळत माझं पातं घडवलं. त्याची बायको बायाबाई चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघतच राहिली.

"हे काय बनवून राहिले जी? विहीर खोदता का याच्यानं?"

"विहीर नाई वं. हे धरतीची नाडी पायते."

"मंग पयले तुमची नाडी पायाले लावा. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाई," असं म्हणून तिनं कप माझ्या मुठीवरच टेकवला. जगात मला मिळालेला तो पहिला मान.

शेतीखात्यात मी बाबुलालजींच्या हाती पडलो. ते गावोगाव फिरून शेतांची माती तपासायला पाठवायचे. सायकलच्या दांडीला मला आडवं बांधायचे आणि निघायचे. त्यांच्याकडूनच मी माझा धर्म शिकलो. ते प्रत्येक शेतकऱ्याला तेच सांगायचे: बांधावरची माती घेऊ नका, खताच्या ढिगाजवळची घेऊ नका, झाडाच्या सावलीतली घेऊ नका. शेतात नागमोडी चाला, जागोजागी गिरमिट लावा, आणि जिथं पीक रोगट दिसते तिथं आधी लावा. आजारी माणसाचा दुखरा पाय सोडून चांगला पाय तपासला तर त्याला डॉक्टर म्हणाल का? असं विचारून ते स्वतःच हसायचे.

आंबागडच्या किल्ल्याखालच्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे बांध घातलेल्या लहान शेतांमधून, मी फिरलो. चिखलात रुतलो, दगडाला अडलो, पातं बोथट झालं की धनीरामकडे जाऊन धार लावून आलो. लोक मला हात लावून बघत. "मातीचा डाक्टर आला," म्हणत. निकाल आला की कुणाच्या बांधीत चुना पडे, कुणाच्या बांधीत शेणखत, आणि पुढच्या साली धानाची लोंबी वाकलेली बघून ते लोक मला विसरूनही जात. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. काम झालं की अवजार भिंतीला टेकवायचं असते.

एकदा पवनीला एका शेतात उतरलो तर पात्याला ठक्क करून काही लागलं. वर आलो तर पिळात जुन्या विटेचा तुकडा. बाबुलालजींनी लगेच हात आवरला. वरून मोठे साहेब आले, दोरी बांधली, पाटी लावली, इथं कुणी खोदू नये. हजारो वर्षांपूर्वीच्या विटा आहेत म्हणाले. माझी छाती फुगली. एका मेलेल्या विटेसाठी सरकार एवढं थांबते, तर जित्या माणसासाठी किती थांबत असेल! मित्रांनो, मी तेव्हा नवा होतो आणि असलं काहीबाही मला वाटायचं.

पुढं बाबुलालजींची बदली झाली. मी एका गोदामात गेलो, तिथून दुसऱ्या कार्यालयात, आणि शेवटी भंडारा शहरातल्या या साहेबांच्या ताब्यात आलो.

शहराच्या एका टोकाला पितळी भांड्यांचा एक जुना कारखाना होता. भंडाऱ्यात पितळेची भांडी घडतात हे तुम्हाला सांगायला नको. इथं भट्टीतून काढलेली भांडी तेजाबात बुडवून चकचकीत करत आणि ते वापरलेलं तेजाब मागच्या आवारात ओतून देत. भट्टीची राख तिथंच, जळका कचरा तिथंच. असं वर्षानुवर्षं चाललं. मग मालकांचं आपसात बिनसलं आणि कारखान्याला कुलूप लागलं. आवार तसंच राहिलं. तिथं गवत उगवत नसे. पावसाळ्यात डबकी साचत, ती हिरवी. एकदा साहेब लोकांचे बंगले त्या जागेवर बांधायचं निघालं होतं, पण साहेबांच्या बायका येऊन बघून गेल्या आणि ते बारगळलं.

मग वैनगंगेला मोठा पूर आला आणि काठावरच्या, मासे धरणाऱ्या ढिवरांच्या झोपड्या वाहून गेल्या. जाळी गेली, डोंगे गेले, भांडी गेली. त्या लोकांना घरं द्यायची ठरली. जागा कोणती? जी साहेबांच्या बायकांना नको होती ती.

तेवढ्यात भोपाळात विषारी वायूनं माणसं मेली आणि वरच्या खुर्च्या हलल्या. हुकूम आला की कारखान्याच्या जुन्या जमिनीवर घरं बांधायची असतील तर आधी तिथली माती तपासा. नुसता हुकूम आला नाही, त्यासाठी वेगळं अनुदानही आलं. आवारात जागोजागी भोकं पाडायची, खोलवरची माती काढायची, थैल्यांत भरून नागपूरला प्रयोगशाळेत पाठवायची, आणि विष निघालं तर ती माती उचलून न्यायची. हे सगळं त्या पैशातून व्हायचं होतं. मी गोदामात उभा राहून हे ऐकलं आणि मला वाटलं, आता माझ्या जन्माचं सोनं झालं.

शिपाई ईश्वरनं मला बाहेर काढून घासलं, तेल लावलं. जीप आवारात पोचली तर तिथं मांडव घातलेला. मोहल्ल्याचे पुढारी पुंडलिकराव पांढरंशुभ्र धोतर नेसून उभे होते. घरं बांधायचं काम त्यांच्याच मेहुण्याकडं होतं. त्यांनी आदल्या दिवशीच दूरच्या टेकडीवरून ट्रॅक्टरनं लाल मुरूम आणवला होता. मांडवाखाली त्याचा चांगला उंच ओटा केला होता, वर शेणाचा सडा, रांगोळी, आंब्याची पानं. भूमिपूजन त्या ओट्यावर व्हायचं होतं.

ढिवरांची बायामाणसं गोळा झाली होती. त्यांच्यात पुढं होती जमुनाबाई. काळीसावळी, उंच, कपाळावर ठसठशीत गोंदण. तिचा नवरा मागंच वारला होता. एक लेक डोमा, त्याची नवी बायको कुंताबाई, आणि पुरात वाहून गेलेलं घर, असा तिचा संसार. तिनं मला ईश्वरच्या खांद्यावर पाहिलं आणि विचारलं, "हे काय हो भाऊ?"

"याच्यानं माती काहाडतात बाई. जमीन चांगली हाये का खराब, थे समजते."

"बरं हाये बाप्पा. पोरगी द्यायच्या आधी घर पायतात तसं."

ईश्वर मला घेऊन मागच्या अंगाला निघाला. जिथं डबकी साचत, जिथं गवत नव्हतं, तिकडं. तसं जमुनाबाईनं त्याला अडवलं.

"तिकडं कुठं चालले? धरतीमायच्या अंगाले लोखंड लावाचं त पयलं पूजेच्या जागी. नारळ फुटू द्या, याले हळदकुंकू लागू द्या. मंग कुठंबी लावा."

बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. त्यांच्यात तशीच रीत आहे. नांगर असो, कुदळ असो, नव्या जागी पहिला घाव पूजेच्या ठिकाणीच घालायचा. तिच्या मनात पाप नव्हतं. तिला घर शुभ व्हायला पाहिजे होतं.

साहेब हसले. ते हसू मी अजून विसरलो नाही. "बाईंचं बरोबर आहे," म्हणाले. "लोकांच्या भावना जपल्या पाहिजेत."

नारळ फुटला. माझ्या मुठीला लाल धागा बांधला, पात्याला हळदकुंकू लावलं. जमुनाबाईनं स्वतः मला ओवाळलं. आयुष्यात माझी एवढी पूजा कधी झाली नव्हती. आणि ईश्वरनं मला ओट्यात उतरवलं. सहज गेलो. कालचाच तो मुरूम, भुसभुशीत, टेकडीवरचा, स्वच्छ. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो, की अरे, ही इथली माती नव्हे, हे तर बांधावरच्याहून वाईट झालं. पण लोखंडाला तोंड असतं ते फक्त जमिनीत घुसायला.

लाल मुरूम वर आला. ईश्वरनं एक थैली भरली. "सायेब, दुसरं भोक कुठं पाडू? मांगं जाऊ का?"

मांडवात पंगत बसायला लागली होती. वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी. साहेबांनी एकदा मागच्या उजाड आवाराकडं पाहिलं, एकदा पानाकडं.

"याच भोकातली माती बाकीच्या थैल्यांत भर."

"साऱ्याइच?"

"ऐकू नाही आलं का? साऱ्याच. नंबर वेगवेगळे टाक."

ईश्वर थैल्या भरत राहिला. मान खाली. पुंडलिकराव हात जोडून आले. "चला सायेब, वरण थंडं होऊन राहिलं."

असं ते काम झालं, मित्रांनो. एका भोकाची माती थैल्या बदलून अख्ख्या जमिनीची झाली. नागपूरच्या प्रयोगशाळेचा काय दोष? त्यांना टेकडीचा मुरूम दिला, त्यांनी टेकडीचा मुरूम तपासला आणि निर्दोष म्हणून कळवलं. उरलेलं अनुदान कुठं गेलं ते मी पाहिलेलं नाही, म्हणून सांगत नाही. एवढं पाहिलं की त्या साली जीपला नवे टायर आले, साहेबांच्या खोलीला पडदे लागले आणि आवाराच्या दारावर भला मोठा फलक उभा राहिला. फलकावर लिहिलं होतं, तपासलेली जमीन.

मग मेहुण्यानं सगळ्या आवारावर लाल मुरमाचा पातळ थर पसरला आणि त्यावर घरं बांधली. मधे हापशी बसवली. ढिवर मंडळी राहायला आली. आणि मी? मातीसाठी आलेला मी सभेच्या मांडवांचे खड्डे पाडू लागलो. एखादा पुढारी आला की ईश्वर मला घेऊन मैदानात जाई, बांबूसाठी भोकं पाडी. तेही संपलं तेव्हा साहेबांच्या खोलीचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून मला दाराला टेकवून ठेवलं. येणारा जाणारा मला अडखळून शिवी देई.

त्याच दारात उभा राहून मी जमुनाबाईचा आवाज पुन्हा ऐकला.

हापशीचं पाणी पहिल्यापासूनच बरं नव्हतं. बायका म्हणत, पाणी कळकते. मित्रांनो, पितळेच्या भांड्याला कल्हई नसली आणि त्यात ताक ठेवलं तर ते कसं हिरवट, तोंडात नुसतं धरवत नाही असं होते, ते भंडाऱ्याच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तशी चव. डोमानं तलावातले मांगूर मासे बाजाराच्या दिवसापर्यंत जिवंत राहावे म्हणून टाकीत हापशीचं पाणी भरून त्यात सोडले. त्यांच्यात सगळेच तसं करतात. मांगूर हा चिवट मासा, ओल्या फडक्यात गुंडाळला तरी मरत नाही. संध्याकाळी सारे उलटे तरंगत होते. मग डोमानं संडासासाठी खड्डा खणायला घेतला. लाल थर फुटला, खाली काळी राख लागली, त्याखाली हिरवा चिखल. तो त्या चिखलात अनवाणी उतरला. त्याच्या तळपायाची कातडी सोलून निघाली.

आणि कुंताबाईला दिवस गेले होते.

जमुनाबाईनं सुनेला हापशीचं पाणी बंद केलं. रोज नदीवर जाऊन डोक्यावरून घागर आणायची. पण पोर जन्मल्यावर काय? ते रांगणार कुठं, माती तोंडात घालणार ती कुठली? म्हणून ती कार्यालयात आली. डोमाला सोबत आणला, पायाला फडकं गुंडाळलेला.

"सायेब, आमच्या जमिनीची माती पाहून द्या. घराच्या बुडाशी काय हाये थे आमाले समजलं पायजे."

"चाचणी झालेली आहे बाई. फलक लावलेला आहे, वाचला नाही का?"

"फलकाखाली मासे मरून राहिले. चाचणी कुठं केली होती?"

साहेब खुर्चीत मागं रेलले. "तुमच्यासमोरच केली. जागा तर तुम्हीच दाखवली. आठवते ना? पूजेच्या जागी लोखंड लावा म्हणून कोण म्हणालं होतं?"

जमुनाबाईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. माणसाच्या श्रद्धेला आधी ढाल करायचं आणि मग त्याच ढालीनं त्याचं डोकं फोडायचं, हे तुम्ही केलंत साहेब.

"मीनंच सांगतलं," ती हळूच म्हणाली. "पण मी पयलं तिथं म्हणलं होतं. फक्त तिथं, असं कोण म्हणलं?"

"हे बघा, अनुदान खर्ची पडलं. एका जमिनीची चाचणी दोनदा होत नसते."

"भांड्याले दर साली कल्हई होते सायेब. आन् जमिनीची चाचणी दोनदा नाई होत?"

"घर नको असेल तर सोडून द्या. यादीत पुष्कळ लोक आहेत."

बस. संपलं. घर सोडावं तर नदीकाठ, आणि पावसाळा तोंडावर. घरात राहावं तर पोटातल्या जिवाला काय पाजतो ते ठाऊक नाही. तिला तांदूळ नको होते, पैसा नको होता. खाली काय आहे तेवढं सांगा, म्हणत होती.

ती वळली आणि दारात मला अडखळली. थांबली. माझ्या मुठीला अजून तो धागा होता, रंग गेलेला. तिनं तो ओळखला.

"हे तेच ना हो भाऊ? मी ओवाळलं होतं थे?"

"हाव बाई," ईश्वर म्हणाला.

"अठी कायले ठेवलं?"

"दार लागते वाऱ्यानं, म्हणून."

तिनं मला उचललं. सरळ खांद्यावर घेतलं.

"ओ माय, सरकारी हाये थे," ईश्वर पुटपुटला, पण त्यानं हात पुढं केला नाही.

"मी बी सरकारचीच हावो. मत मांगाले येतात तवा तसंच म्हणतात ना?"

मागं दार धाडकन लागलं.

भर दुपारी बाजारातून आमची वरात निघाली. पुढं जमुनाबाई, तिच्या खांद्यावर मी, मागं लंगडत डोमा. पानठेल्यावरून कुणी ओरडलं, "का मावशी, बंदूक घेऊन कोठी निघाल्या?" ती म्हणाली, "बंदूक असती त तुले आधी दाखवली असती." घराशी पोचलो. शेजारची शकुनबाई आणि आणखी बाया धावून आल्या. अंगणात, चुलीच्या बाहेरच्या भिंतीला लागून, जिथं उद्याचं पोर खेळणार होतं, तिथं तिनं मला टेकवलं. नारळ नव्हता, कुंकू नव्हतं. दोन्ही हातांनी धरणीला नमस्कार केला आणि म्हणाली, "लाव वं शकुन, जोर लाव."

त्या बायांना काही येत नव्हतं. मला वाकडं धरलं, उलटं फिरवलं, एकमेकींच्या पायावर पाय दिले, हसल्या. पण उतरवलंच मला. लाल थर गेला. मग काळी राख. आणि मग ते. मित्रांनो, मी आंबागडचा चिखल चाखला आहे, पवनीची वीट चाखली आहे. असलं कधी लागलं नव्हतं. लोखंडाला झोंबत होतं ते. त्यांनी मला वर ओढलं आणि पात्याच्या पिळात हिरवानिळा गच्च गोळा, नाकात शिरणारा आंबट दर्प. बाया हसायच्या थांबल्या.

"हे त फवारणीच्या मोरचुदावानी दिसते वं," शकुनबाई म्हणाली, आणि पदर नाकाला लावून मागं सरली. दारात उभ्या असलेल्या कुंताबाईनं पोटावर हात ठेवला.

जमुनाबाईनं थोडी माती पत्र्याच्या डब्यात घेतली, बाकीची माझ्या पात्यावर तशीच राहू दिली, आणि आल्या पावली कार्यालयात परत. डबा साहेबांच्या टेबलावर ठेवला. मला टेबलाला टेकवलं. म्हणजे पाहा, ती मला परत करायला आली होती.

"आता पाठवा नागपूरले."

साहेबांनी नाकाला रुमाल लावला. जी माती निर्दोष म्हणून तुम्ही सही केली होती साहेब, तिला नाक का झाकलंत? "ही माती आम्हाला मान्य करता येत नाही," म्हणाले. "सरकारी माणसानं काढलेली नाही." डबा खिडकीबाहेर गेला. आणि त्यांनी फोन उचलला. सरकारी अवजार चोरून नेलं म्हणून पोलीस आले.

जमुनाबाईला ठाण्यात बसवून ठेवलं, जबाब घेतला, जामिनावर सोडलं. मला जप्त केलं. एक नवा शिपाई मला नळाखाली धुवायला निघाला होता. हवालदार जागेश्वरनं त्याला झापलं. "हात नोको लावू. चोरीचा माल जसा आला तसाच ठेवाव लागते. उद्या कोर्टात काय दाखवशीन, तुयी आंघोळ?" मग माझ्या पात्याला जाड कापड गुंडाळलं, दोरी बांधली, त्यावर लाख ओतून सरकारी शिक्का मारला.

म्हणून ती माती अजून माझ्यापाशी आहे, साहेब. तुम्ही डबा फेकला, पण ही राहिली. तुमच्याच सरकारच्या शिक्क्याखाली सुकून दगड झाली आहे. त्या जमिनीतून निघालेली एकमेव खरी माती आज पोलिसांच्या पहाऱ्यात आहे, आणि ती तिथं आहे ती चोरी सिद्ध करण्यासाठी.

कोर्टात मला दोनदा नेलं. तिथं जमुनाबाईला विचारलं, हे अवजार तू नेलंस का?

"हाव, नेलं. चोरलं नाई. ज्या कामाले आणलं होतं त्या कामाले नेलं. सायेबाइले जमलं नाई, म्हणून मी नेलं."

लोक हसले. तारीख पडली. पुन्हा तारीख पडली. आता नव्वद साल तोंडावर आलं, तारखा पडतच आहेत. चोरीचा तपास करायला सरकारपाशी माणसं आहेत, गाडी आहे, कापड आणि लाखही आहे. साहेबांना बढती मिळाली. ईश्वर आता दाराला वीट लावतो.

कुंताबाईला मुलगी झाली. बाळंतपण तिच्या माहेरी, पवनीला झालं, आणि जमुनाबाईनं निरोप धाडला की माती समजेपर्यंत पोरीला इकडं आणू नका. डोमा तिकडंच मासे धरतो. म्हातारी मात्र त्या घरात एकटी राहते, कारण कुलूप लावून गेली तर घर दुसऱ्या कुणाला देतील, आणि त्याच्याही घरात पोरं असतील. नात चालायला लागली, बोलायला लागली. तिनं आजीचं घर अजून पाहिलेलं नाही. प्रत्येक तारखेला जमुनाबाई ठाण्यावरून जाते, खिडकीशी थांबते आणि जागेश्वरला विचारते, "मातीचं काई समजलं का गा?" तो मान हलवतो. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

मित्रांनो, अवजाराला तेल लावा, कोरडं ठेवा, हे मी तुम्हाला सांगू शकलो असतो. ते सांगायला दुसरी अवजारं आहेत. मी एवढंच सांगतो, की तुमच्या घराखालची जमीन तपासली असं कुणी म्हणालं, तर भोक कुठं पाडलं ते जाऊन बघा. आणि पूजेच्या जागी पाडलं असेल तर नमस्कार करून पुढचं भोक पाडायला लावा.

आणि साहेब, तुम्ही. तुम्ही आता जिथं असाल तिथं. शिक्का फोडायचा अधिकार तुमच्या लोकांना आहे, नागपूरचा रस्ता तुम्हाला माहीत आहे, आणि अनुदान त्याच कामासाठी आलं होतं. मी इथंच उभा आहे, माती माझ्या अंगावर आहे. एक म्हातारी खिडकीशी उभी राहून विचारते आहे, माझ्या नातीला घरी आणू की नको? तिला उत्तर द्या. हो की नाही?